शिट्टी झाली की हात वर

तिला खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. तलावावर ती शिट्टीबाई. तलावावरची पोरं गावभर पांगलेली, त्यामुळे भाजीच्या दुकानातही शिट्टीबाई आणि दवाखान्याच्या रांगेतही शिट्टीबाई. पोहण्याच्या तलावावर ती जीवरक्षक आहे. काठावरच्या उंच खुर्चीत बसून पाण्यातल्या मुलांवर नजर ठेवायची, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. "वहिनींचं बरं आहे, बसून पगार," असं तिचा दीर एकदा म्हणाला होता. तिने त्याला एका दुपारी त्या खुर्चीत बसवलं आणि मुलांवरून नजर हलवायची नाही, एवढंच सांगितलं. थोड्याच वेळात गडी डोळे चोळत खाली उतरला. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

त्या तलावावर एक जुनी रीत आहे. शिकायला येणाऱ्या मुलांच्या जोड्या लावलेल्या असतात. मधूनच, कसलीही सूचना न देता, शिट्टी वाजते. वाजली की असेल तिथे थांबायचं, आपल्या जोडीदाराचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून हात वर करायचे. ज्याला जोडीदार सापडत नाही त्याने एकट्याने हात वर करायचा, आणि मग बाईंनी खुर्चीतून थेट पाण्यात उडी घ्यायची. या रितीला एक पोटनियम आहे. तिच्या म्हाताऱ्या उस्तादांनी तो तिला पहिल्याच दिवशी बजावला होता. शिट्टीच्या वेळी जो जिथे सापडेल तिथे सापडू दे, पण त्याला ओरडायचं नाही. मनाई केलेल्या खोल पाण्यात गेला असला, तरी नाही.

"आज ओरडलीस," उस्ताद म्हणाले होते, "तर उद्या तो शिट्टी ऐकून खांबाआड लपेल. आणि लपलेलं पोर बुडालेलं कळत नाही."

हा नियम तिने तलावावर प्राणापलीकडे पाळला. घरी पाळताना मात्र एकदाच चुकली, आणि ही गोष्ट त्या एका चुकीची आहे.

घरात कॉम्प्युटर आला तो नवऱ्याच्या कृपेने. नवरा वायरमन. एका बंद पडलेल्या कार्यालयाचं वायरिंग उतरवायला गेला आणि येताना टाकून दिलेला कॉम्प्युटर दुचाकीवर बांधून घेऊन आला. चालू त्याने केला, पण निगा राखायची वेळ आली तेव्हा साहेबांनी हात झटकले. "मी वीज आणून दिली, पुढचं तुझं." मग तीच शिकली. तलाव सोमवारी सफाईसाठी बंद असतो, तेव्हा तिने घरच्या कॉम्प्युटरची सफाईही सोमवारीच लावली. बाजूचं झाकण उघडायचं, रंगाच्या जुन्या ब्रशने पंख्यावरची धूळ काढायची, जे काही अपडेट आलं असेल ते करून घ्यायचं, घरचे फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायचे. मुलींचं खातं वेगळं, तिचं वेगळं. तिच्या पासवर्डशिवाय त्यावर नवं काही बसत नसे. टेबल पुढच्या खोलीत, पडदा स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर तिने प्रथमोपचाराच्या पेटीतल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. नवरा म्हणायचा, "बँकेच्या तिजोरीला एवढा बंदोबस्त नसतो."

आणि तलावावरची रीतही तिने घरी आणली. पोळ्या लाटता लाटता ती मधूनच म्हणायची, "हात वर!" की कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीने कीबोर्डवरचे हात उचलायचे, खुर्ची बाजूला सरकवायची आणि पडद्यावर जे असेल ते तसंच राहू द्यायचं. ती येऊन बघणार. काहीही असलं तरी ओरडणार नाही. धाकटी दुसरीत होती. तिला हा खेळच वाटायचा. ती दोन्ही हात वर करून वर जीभही बाहेर काढायची. थोरलीला आठवीत गेल्यापासून खेळ वाटेनासा झाला होता, पण हात वर करायची.

एक दिवस "हात वर" म्हणून ती पीठाच्या हातांनी बाहेर आली, तर पडद्यावर थोरलीचं एका मैत्रिणीशी बोलणं चाललं होतं. थोरलीने लिहिलं होतं, ‘आमची आई म्हणजे नुसती शिट्टी. घरातही वाजते. तिला वाटतं आम्ही सगळे बुडतोय.’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

खरं तर यात काय होतं? त्या वयाची कुठली पोर आईची थट्टा करत नाही? परक्या पोरांचे अपराध पोटात घालणारी ही बाई, पण थट्टा स्वतःवर आली आणि तिचा तोल गेला. खुर्चीत बसून बसून सुजलेले पाय, कोणासाठी झिजले, कोणी मागितलं होतं, असं सगळं एका दमात बाहेर पडलं. तेवढ्यावर भागलं नाही. तिने कॉम्प्युटरची वायर काढली, गुंडाळून कामाच्या पिशवीत घातली आणि आठवडाभर तलावावर नेत राहिली.

आठवडा संपला, वायर परत लागली, आणि थोरली एकदम शहाणी झाली. "हात वर" म्हणायचा अवकाश, हात वर. पडद्यावर कधी भूगोल, कधी बीजगणित. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "कधीतरी कान पिळावा लागतो." नवऱ्याने मान डोलावली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो. दिवा आपलाच असल्यामुळे तिकडे बघायचं सुचत नाही.

मग एका सोमवारी ती पडदा पुसत होती आणि कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी गळून तिच्या हातावर पडली. जुनी झाली असेल म्हणून तिने नवी लावली. पुढच्या सोमवारी बोट लावलं तर नवीही निघाली. चिकट बाजूवर बारीक लव धरली होती, आणि एक कोपरा नखाने उचलावा तसा दुमडलेला होता. ही पट्टी तिच्या रोजच्या वापरातली. ओल्या गुडघ्यावर लावली तरी चार दिवस हलत नाही. ती अशी लव धरते ती एकाच कारणाने. कोणीतरी ती काढतं आणि परत लावतं, काढतं आणि परत लावतं.

धाकटीचा हात तिथवर पोचत नव्हता. नवरा कॉम्प्युटरला शिवत नव्हता. ती पट्टी बोटावर घेऊन ती खुर्चीत बसली, थोरली बसते त्याच खुर्चीत, आणि गेले काही महिने जे रोज दिसत होतं ते तिला पहिल्यांदा दिसलं. थोरलीने पोहायला येणं सोडलं होतं. सर्दी, मग परीक्षा, मग पुन्हा सर्दी. नखं मुळापर्यंत खाल्लेली. आणि कॉम्प्युटरपुढे बसायची ती कशी? पाठ ताठ, हनुवटी उचललेली, तोंड किंचित उघडं, आवाज नाही.

बुडणारं माणूस आरडाओरडा करतं, हे लोकांना वाटतं. ओरडायला श्वास लागतो आणि तो त्याच्याकडे नसतो. बुडणारं माणूस पाण्यात ताठ उभं असतं, मान मागे, तोंड उघडं, अगदी शांत. काठावरच्याला वाटतं, छान तरंगतंय. तिने कामाला लागलेल्या नव्या जीवरक्षक मुलींना हे शेकडो वेळा शिकवलं होतं. आणि तिची स्वतःची मुलगी तिच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर तशी बसलेली असताना ती पोळ्या लाटत होती. तिने तोंडावर पदर दाबला आणि तिथेच रडून घेतलं, कारण मुली शाळेतून यायच्या आत ते उरकायला हवं होतं.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो ताटावरून उठला.

"येऊ दे तिला घरी. समोर उभी करतो आणि विचारतो, कोण आहे म्हणून. खरं बोलल्याशिवाय सोडत नाही."

"अहो, समोरून जायचं नाही."

"म्हणजे?"

"बुडणाऱ्याला समोरून धरलं की तो गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. मागून नाहीतर बाजूने जायचं. तुम्ही आज धाकटीला घेऊन बाहेर जा. तिला चप्पल घ्यायचीच आहे. माझ्यावर सोडा."

"आणि ती नाही बोलली तर?"

पाण्यात ती कोणालाही बाहेर काढू शकली असती. इथे मुलीने स्वतः हात पुढे केल्याशिवाय धरायलाच काही नव्हतं, आणि तो हात तिनेच एकदा झिडकारला होता.

संध्याकाळी थोरली आली. आईने पुढच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि कीबोर्डची एकेक कळ उचकटून काढली होती. बाजूला वाटीत साबणाचं पाणी.

"बरं झालं आलीस. माझं कंबरडं मोडलं. एवढ्या कळा पुसून दे."

थोरली तिच्या शेजारी बसली. दोघींची तोंडं भिंतीकडे. दोघी एकेक कळ पुसू लागल्या. कळांखाली काय काय निघालं! पावाचा चुरा, धाकटीच्या खोडरबराचे तुकडे, थोरलीच्या कुरतडलेल्या नखांची कोर. आईने ती पाहिली आणि बाकीच्या कचऱ्यात मिसळून टाकली.

"त्या दिवशी मी तुला ओरडले," ती कळ पुसता पुसता म्हणाली. "वायर नेली. ते माझं चुकलं."

थोरलीने वाटीत बोटं बुडवली आणि दुसरी कळ उचलली.

"शिट्टीच्या वेळी ओरडायचं नसतं. तलावावर मी आजवर कोणाला ओरडले नाही. तुला ओरडले, कारण थट्टा माझी होती. मला लागलं. पण नियम नियम असतो, आणि तो मी मोडला."

थोरली एकच कळ पुसत होती. पुसून झाली तरी पुसत होती.

"त्याला माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणाला गं?"

"त्याला तुझं नाव माहीत आहे. शिट्टीबाई."

आईचा हात थांबला नाही. तिने तो थांबू दिला नाही. "मी सांगितलं होतं ना, ओरडणार नाही. आज तर नाहीच. सांग."

मग ते आलं, तुटक तुटक. वायर परत लागली त्याच आठवड्यात इंटरनेटवर, चित्रं काढणाऱ्या मुलामुलींच्या एका साइटवर, एक ताई भेटली होती. थोरलीपेक्षा थोडी मोठी, चित्रं सुंदर. थोरलीच्या चित्रांना रोज चांगलं म्हणायची. थोरलीने तिला आईचं सगळं सांगितलं, शिट्टीचं, हात वरचं, पिशवीतून नेलेल्या वायरचं. ताई म्हणाली, माझी आईपण अशीच आहे. ताईनेच शिकवलं की भूगोलाचं पान नेहमी मागे उघडं ठेवायचं, आणि ‘हात वर’ ऐकू आलं की हात उचलायच्या आधी कुठली कळ दाबायची. मग ताईला फोटो हवा झाला. आधी चित्राचा. मग चित्र हातात धरलेल्या थोरलीचा. मग नुसता थोरलीचा. मग एक दिवस समजलं की ताई ही ताई नाहीच, तो कोणीतरी मोठा माणूस आहे, आणि आता त्याला जे फोटो हवेत ते वेगळे आहेत. शनिवारपर्यंत पाठव, नाहीतर आतापर्यंतचे आणि तू आईबद्दल लिहिलेलं सगळं तुझ्या शाळेत जाईल.

"मी नाही पाठवला," थोरली म्हणाली. "तसला नाही पाठवला. आई, खरंच नाही."

"पाठवला असतास तरी मी इथेच बसले असते."

"तो म्हणाला, आईला सांगून बघ. ती फक्त वायर काढून नेईल."

हे ऐकल्यावर मात्र तिला खाली वाकून वाटीतल्या पाण्याकडे बघावं लागलं. तिने स्वतःच्या हाताने वळलेला दोर होता तो. परक्या माणसाने फक्त तो तिच्या मुलीच्या गळ्यात टाकला होता. थोरली आता रडत होती, आवाज करून, नाक ओढत, लहानपणी रडायची तशी. आईला तो आवाज ऐकून बरं वाटलं. पाण्यातून काढलेलं पोर रडायला लागलं की काठावरच्यांनी सुटकेचा श्वास सोडायचा असतो, कारण रडतंय म्हणजे श्वास चालू आहे. तिने साबणाच्या हातांनीच मुलीला जवळ ओढलं.

कळा परत बसवल्या. थोरलीने तिला ते सगळं उघडून दाखवलं. वाचताना तिची पहिली इच्छा झाली पुसायची. दर सोमवारी जे करते तेच, सगळं घासून पुसून स्वच्छ करायचं, त्या माणसाचं एक अक्षर घरात उरू द्यायचं नाही. हात माउसपर्यंत गेलासुद्धा. पण तिला आठवलं, तलावावर एकदा दुर्घटना झाली होती तेव्हा सगळ्यात आधी वरून निरोप आला होता, की तलावातलं पाणी सोडून देऊ नका. चौकशी होईपर्यंत सगळं आहे तसं. तिने हात मागे घेतला.

नवरा आला, त्याने दोन ओळी वाचल्या आणि कीबोर्ड पुढे ओढला. "थांब, याला याच्या भाषेत उत्तर देतो."

"एक अक्षर लिहायचं नाही," ती म्हणाली. "पुसायचं नाही, लिहायचं नाही. त्याला कळता कामा नये."

"मग काय, बघत बसू?"

"नाही. चला."

कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, ज्या दुचाकीवरून आला त्याच दुचाकीवर बांधून नवरा पुढे गेला. मागून रिक्षात त्या दोघी आणि मध्ये नवी चप्पल मांडीवर घेऊन धाकटी. पोलीस चौकीतल्या बाईंनी थोरलीला आत बसवलं, आईला शेजारी, आणि पहिला प्रश्न विचारला तो, "काही पुसलं तर नाही ना?"

"नाही."

"उत्तर दिलं?"

"नाही."

"मग तुम्ही आमचं अर्धं काम केलं." बाईंनी लिहायला घेतलं, आणि मध्येच मान वर करून थोरलीला म्हणाल्या, "बाळा, यात तुझी चूक नाही. हे तुला आज पटणार नाही. मी तरी सांगते."

शाळेच्या मुख्याध्यापिकांना आई स्वतः जाऊन भेटली. काही येण्याआधीच त्यांना माहीत असावं म्हणून. शनिवार आला. सगळे पुढच्या खोलीत बसून होते. टेबल रिकामं, त्यावर कॉम्प्युटरच्या पायांचे फिके ठसे. दाराची कडी वाजली की चौघंही दचकायचे. तो दिवस गेला. शाळेत काहीही आलं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. पण पुढे कधी येणार नाही, असं लिहून कोण देणार?

थोरली पुन्हा तलावावर येऊ लागली. फार बोलत नव्हती, पण पाण्यात उतरायची.

एका दुपारी तलाव सुटल्यावर आई कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. भिंतीकडे तोंड, हातात फोन. चौकीतल्या बाईंचा निरोप आला होता. खातं खोट्या नावाचं निघालं, माणूस अजून सापडलेला नाही, तपास चालू आहे. असा निरोप पहिला नव्हता. याआधी आलेलेही तिने थोरलीला दाखवले नव्हते. पोरीला आत्ता कुठे झोप लागायला लागली आहे, असं ती स्वतःला सांगत होती. पाऊल वाजलं तसा तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"आई," मागून थोरली म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं. "हात वर."

आईने वळून पाहिलं. पोर हसत नव्हती. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, असं आईच्या मनात येऊन गेलं. मग तिने हात वर केले आणि फोन जसा होता तसा तिला उचलू दिला.

थोरलीने वाचलं. वर सरकवून आधीचेही वाचले.

"सापडला नाही ना?"

"नाही."

"तू मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

आता ती ओरडेल, असं आईला वाटलं. तिला तो हक्क होता. तिने खाली मान घातली आणि वाट पाहिली. बाकावर थोरली तिच्या शेजारी येऊन बसली, ओल्या कपड्यांनिशी. तिने आईचा हात धरला, बोटांत बोटं घालून, तलावावर जोडीदाराचा धरतात तसा, आणि दोघींचे हात मिळून वर केले.

पाठीमागे तलाव रिकामा होता. वरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. हात दुखेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.